घोडोबाची खोळ

नाना, कावळ्यानेसुद्धा शेवटी तिचंच ऐकलं.

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी तेच सांगतो. तुमच्या दहाव्याला गोदाघाटावर पिंड मांडून आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे अग्नी मी दिलेला, डोकं माझं भादरलेलं, आणि ऊनही माझ्याच टकलावर. तुमच्यावर सर्वांत जास्त हक्क कोणाचा, हे त्या दिवशी लांबून नुसतं डोक्याकडे बघूनही कळत होतं. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले आणि एकही खाली यायला तयार नाही. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय. बोला."

मग बोलणी सुरू झाली. आत्या म्हणाल्या, "नाना, तुझी पुस्तकं रद्दीत जाऊ देणार नाही." कावळे ढिम्म. माझ्या धाकट्या भावाने गावच्या वाचनालयाला तुमच्या नावाने कपाट कबूल केलं. एका कावळ्याने मान वळवून शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाकडे पाहिलं. शेवटी मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. खड्या आवाजात म्हणालो, "नाना, रावजीबाबांची गोष्ट यापुढे मी कुठल्याही लग्नात सांगणार नाही." दोन-चार नातेवाइकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट आशा दिसली. कावळा हलला नाही. माझी बायको शोभा मला ऐकू जाईल इतकंच बोलली, "त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही."

तेव्हा गर्दीतून मुक्ता पुढे आली. तुमची ती देवळाली कॅम्पची विद्यार्थिनी, फौजीची मुलगी, तुमच्या शेवटच्या वर्षांत तुमच्या घरी माझ्यापेक्षा जास्त दिसलेली. हात जोडून म्हणाली, "सर, घोडोबाची खोळ पडली तर मी बघायला जाईन." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली, आणि चोच भातात.

सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजी चप्पल शोधायला लागले. आणि मी, तुमचा सख्खा पुतण्या, भर उन्हात एका पक्ष्यावर जळत उभा राहिलो.

तुम्हाला घोडोबाबद्दल काय सांगायचं! पण हे दुसरंही कोणी वाचेल म्हणून सांगतो. दिंडोरी तालुक्यातल्या आपल्या गावाच्या वेशीवर, कडुनिंबाखाली, कमरेएवढा शेंदराचा गोळा आहे. त्याला चांदीचे दोन डोळे. आत दगड आहे हे नक्की, पण पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चढून त्याची जी जाड खोळ झाली, तिच्या आत काय कोरलंय ते गावात कोणीच पाहिलेलं नाही. घोडा आहे हे मात्र सगळ्यांना माहीत. म्हणून तो घोडोबा. आणि त्या घोड्यावर आपले पूर्वज रावजीबाबा बसलेले आहेत, पेंढाऱ्यांशी लढता लढता ते त्याच वेशीवर पडले, हे माझ्यामुळे माहीत.

ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला आयुष्यात एवढंच एक राज्य असतं, नाना. साखरपुडा असो, हळद असो, जेवणाची पंगत बसायला उशीर होतोय असं दिसलं की कोणीतरी म्हणायचं, "भाऊ, रावजीबाबांचं होऊन जाऊ द्या." की मी सुरू. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घोडा नुसता घोडा होता. पुढे तो पांढरा झाला. मग त्याला नाव मिळालं. पुतणीच्या लग्नात तर तो धनी पडल्यावर रडलासुद्धा, आणि त्याच्याबरोबर वरपक्षाच्या दोन बायका रडल्या. तुम्ही पहिल्या रांगेत, हातात पानाचा विडा. नव्या जावईबापूंनी तुम्हाला विचारलं, "नाना, तुम्ही इतिहासाचे. हे खरं का हो?" मंडपातले सगळे तुमच्याकडे वळले. माझ्या तासाभराच्या गोष्टीत माना इकडेतिकडे होत होत्या, आणि तुम्ही तोंड उघडण्याआधीच सगळ्यांचे कान तुमच्याकडे. तुम्ही विडा गालात सरकवलात आणि म्हणालात, "चांगली आहे."

दोनच शब्द. मंडप हसला, मीही हसलो. त्या दोन शब्दांवर मी किती वर्षं दात खाल्ले, हे शोभाला विचारा.

तसं पाहिलं तर गोष्टी सांगायला मला लावलं तुम्हीच. तुम्ही शिकवायचात त्या कॉलेजला सुट्टी असली की तुमच्या लुनावर मागे बसवून मला गावोगाव न्यायचात. तुम्हाला वीरगळ शोधायचे असायचे. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ, एवढं मला तेव्हाच पाठ झालं होतं. पण तुम्ही एकेका दगडापुढे तासभर उभे, हात पाठीमागे बांधून, आणि मला पाच मिनिटांत कंटाळा. मग त्या तासात मी पारावरच्या म्हाताऱ्यांकडून दोन-तीन भुतं आणि एखादी पळून गेलेली सून गोळा करायचो. परतताना वाटेत तुम्ही म्हणायचात, "बोला पाटील, काय मिळालं?" आणि नाशिक येईपर्यंत मी बोलायचो. वाऱ्यात तुम्हाला अर्धं ऐकू येत नसणार. पण मान हलत असायची. मला तेवढी पुरायची.

मग माझं दुकान झालं, तुमचे गुडघे गेले, लुना गेली, आणि मुक्ता आली. तिची स्कूटी. आता पुढे ती आणि मागे तुम्ही. गंगापूर रोडला तुमच्या घरी यावं तर दाराशी ती स्कूटी उभी. आत तुम्ही तिला काहीतरी दाखवताय, ती "सर, पण…" म्हणून तुमच्याशी भांडतेय, आणि तुम्ही चक्क खूश. माझ्याशी कधी भांडला नाहीत हो नाना. मला चहा दिलात. निफाडची द्राक्षं दिलीत. तिला मतभेद दिलेत.

आणि मग ते पुस्तक. तालुक्यातले सगळे वीरगळ. प्रकाशनाला मी नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. भाषणं चालू असतानाच पानं उलटली. शेजारच्या गावात एका घरी धुणं धुवायला वापरतात तो दगड होता, त्याला दोन पानं. गोठ्याच्या उंबऱ्यात पालथा बसवलेला होता, त्याचा फोटो. आपल्या घोडोबाला एक ओळ नाही. मी पुन्हा पहिल्यापासून शोधलं. नाही म्हणजे नाहीच.

मी तुम्हाला विचारलं नाही. विचारायला काय, उत्तर मला ठाऊकच होतं. रावजीबाबा तुम्हाला मान्य नव्हते, माझा घोडा मान्य नव्हता, आणि पुतण्याला चारचौघांत खोटं पाडण्यापेक्षा तुम्ही दगडच गाळलात. त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडत होतो, नाना. मनातल्या मनात, पण अगदी कडाक्याचं. तुमची बाजूही मीच मांडायचो आणि दर वेळी तुम्हाला हरवायचो.

मजा म्हणजे त्या खोळीत तुमचाही हात होता. बाहेरून येणारे संशोधक शेंदूर खरवडायला बघतात. एकजण तर बाटलीत कसलंसं औषध घेऊन आला होता, लावलं की शेंदूर विरघळतो म्हणाला. त्याला तुम्ही गुरवाच्या ओट्यावर पिठलं-भाकरी खाऊ घातलीत आणि हात धुवायला पाणी देत म्हणालात, "जेवलात ना? आता निघा." आणि स्वतः दर चैत्रात, जत्रेला, शहरातून शेंदूर घेऊन जायचात. गावकऱ्यांबरोबर बसून तेलात कालवायचात आणि हाताने घोडोबाला फासायचात. मी एकदा म्हणालो, "नाना, आत काय आहे ते तुम्हाला बघायचंय, आणि वरून तुम्हीच थापताय?"

"बघायचंय ही माझी अडचण आहे," तुम्ही म्हणालात. "त्याची नाही."

देव कधीतरी आपणहून खोळ टाकतो, हे गावात परंपरेने माहीत. जड झाली की तडकते आणि उतरते. पण देव उघडा ठेवता येत नाही, दिवेलागणीच्या आत नवा शेंदूर चढलाच पाहिजे. तेवढाच वेळ. तुम्ही गुरवाकडून शब्द घेऊन ठेवला होता, आणि वाट बघत बसलात. म्हातारे होईपर्यंत. तुमचं तेरावं झालं, आलेगेले आपापल्या घरी गेले, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी दुकान उघडतोय तर शिवा गुरवाचा फोन.

"भाऊ, देवानं खोळ टाकली. पूजेला आलो तं खाली पडेल हाय."

मी अर्धं उघडलेलं शटर तसंच सोडलं.

"नानाला शब्द देयेल व्हता, पयला फोन त्यालाच करीन. आता नाना नाय, तं तू. कोणाला आणायचं ते आण, पण दिवेलागणीच्या आत. गाव थांबायचं नाय."

कोणाला आणायचं ते आण. नाना, तुम्हाला खरं सांगतो, दिंडोरी रोडला गाडी लागेपर्यंत मी फोन खिशातून काढला नाही. घाटावरचा तिचा शब्द मला आठवत होता. कावळा तर डोळ्यांपुढून जातच नव्हता. पण हिशेब साधा होता. मी एकटा गेलो, तर मी बघणार. मी बघितलं, तर आत घोडा निघणार. संध्याकाळी नवा शेंदूर चढला की माझ्या हयातीत तो दगड पुन्हा कोणी बघणार नाही. जे मी सांगेन ते घोडोबा. तुमच्या पुस्तकात जे नाही, ते फक्त माझ्याकडे. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांत फवारणीचे ट्रॅक्टर चालले होते आणि मी गाडीत एकटा बसून चक्क शीळ घालत होतो.

कडुनिंबाखाली बायका-माणसं जमली होती. खोळ बाजूला घोंगडीवर ठेवलेली, भल्या मोठ्या कवचासारखी, जवळजवळ अख्खी. आणि दगड उघडा. काळा, तेलकट. मी पुढे झालो आणि मला ताबडतोब घोडा दिसला.

"हा बघा घोडा," मी म्हणालो.

शिवा वाकला. "हा? हा तं बैलावानी दिसतो, भाऊ."

"मग हा."

"तो दगडाचा टवका हाय."

मी दगडाला फेरी मारली. पुन्हा पुढे आलो. काही माणसांसारखं, काही जनावरांसारखं, सगळं एकात एक गेलेलं. पाच मिनिटांत माझं बघून संपलं. आता काय करायचं ते कळेना. ज्या दगडावर मी आयुष्यभर बोललो, त्याच्यापुढे मी बसस्टँडवर गाडी चुकलेल्या माणसासारखा उभा होतो. दिवस हातात होता, दगड हातात होता, आणि मला बघता येत नव्हतं. तुम्ही तासभर काय बघायचात हो? त्या लुनाच्या दिवसांत एकदा तरी विचारायला हवं होतं, असं वाटलं. मग माझा मलाच इतका राग आला की त्या रागातच फोन लावला.

"मुक्ता, खोळ पडलीय. दिवेलागणीच्या आत ये."

"काका, निघाले. कशालाही हात लावू नका. लावू देऊ नका." आणि मग हळू आवाजात, "तुम्ही सांगितलंत. मला वाटलं होतं, नाही सांगणार."

मी म्हणालो, "मलाही."

देवळाली कॅम्पहून एवढ्या लांब ती स्कूटीवर आली. हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच. आल्या आल्या चप्पल काढून नमस्कार केला आणि दगडापुढे उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. नाना, तो तुमचा उभा राहण्याचा ढंग होता. घराण्यात तो कोणाकडे आला नाही, माझ्याकडे तर नाहीच, आणि हिच्याकडे पुरताच्या पुरता गेलेला. मला वाटलं, ओरडून सांगावं, बाई, ते हात आमचे आहेत.

तिने पिशवीतून एक मोठा आरसा काढून माझ्या हातात दिला. "काका, उन्हात जा आणि उजेड दगडावर बाजूने पाडा. सरांबरोबर असताना हे काम माझं असायचं."

म्हणजे मी आता तिची मुक्ता झालो होतो. आरसा घेऊन उन्हात उभा राहिलो. "थोडा खाली. अजून. आता हळूहळू डावीकडे." उजेडाचा पट्टा दगडावरून आडवा सरकला, खोबणींत सावल्या भरल्या, आणि नाना, त्या दगडातून गाई उठल्या. एक. मग तिच्यामागे दुसरी, मान वळवलेली. मग आणखी. त्यांच्यापुढे एक माणूस, पायी, हातात धनुष्य. समोरून येणारे तिघे-चौघे. त्याच्या वरच्या कप्प्यात तोच माणूस, दोन अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून वर नेताहेत. अगदी वर, महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. आरसा जरा कलला की गाई हलायच्या. मागे उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले.

"गुरं पळवून नेत होते, ती सोडवायला गेला आणि पडला," मुक्ता म्हणाली.

"घोडा?"

"घोडा नाही, काका."

"नाव?"

"एक अक्षर नाही."

"रावजीबाबांच्या वेळचा तरी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. दयेने नाही, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. "फार आधीचा. कित्येक शतकं."

ती चित्र काढायला बसली. मी आरसा धरून. न राहवून विचारलंच, "तुमच्या सरांनी पुस्तकात हा का घेतला नाही गं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, पाहिला नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे… माझ्याबद्दल, त्या गोष्टीबद्दल काही?"

तिने पेन्सिल थांबवली, खरंच आठवून पाहिलं. "नाही हो काका. तुमचा विषयच नव्हता."

नाना, इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडलो, आणि तुम्ही त्या भांडणाला आलाच नव्हता. मला हसू आलं. आरसा हलला आणि मुक्ता ओरडली.

ऊन उतरायला लागलं तशी बायकांनी परातीत शेंदूर कालवला. शिवाच्या म्हाताऱ्या आईने विचारलं, "पण मंग आमच्या देवाचा घोडा कुठं गेला?" मुक्ताने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, अगदी बरोबर, आणि कोणाचं समाधान झालं नाही. शिवा म्हणाला, "भाऊ, तू सांग."

मी उभा राहिलो. घोडा काढला. पेंढारी काढले. रावजीबाबांना हात जोडून बाजूला बसवलं. मग फार थोडं उरलं. या गावाची गुरं कोणी हाकून नेली. एक माणूस मागे धावला, पायी, कारण घोडा त्याच्याकडे नव्हता. एकटाच गेला. गाई परत आल्या, तो आला नाही. ज्यांच्या गाई होत्या त्यांनी दगड उभा केला, त्याचं नाव त्यांना पाठ होतं म्हणून कोरायचं सुचलं नाही. मग ती माणसं गेली, तरी हात थांबले नाहीत, तेल-शेंदूर चढत राहिला.

एवढीच. पंगतीला पाणी फिरायच्या आत संपेल अशी. कोणी उठलं नाही. म्हातारीने डोळे पुसले आणि माझ्याकडे नाही, मुक्ताकडे वळून विचारलं, "खरं का गं, बाई?"

"नाव पाठ होतं म्हणून कोरलं नाही, हे काकांचं," मुक्ता म्हणाली. "बाकी हो."

ते 'हो' मला तुमच्याकडून हवं होतं, नाना. पण मिळालं ते घेतलं.

"आसू दे," म्हातारी म्हणाली, "आम्ही घोडोबाच म्हणणार," आणि पहिला हात तिने गाईंवरूनच फिरवला.

जुनी खोळ गंगेत, म्हणजे आपल्या गोदेत, सोडतात. गाव नाशिकला कशाला येईल, म्हणून ती माझ्या गाडीत दिली. मुक्ताने स्कूटी शिवाच्या अंगणात ठेवली आणि खोळ दोन्ही हातांनी सावरत मागे बसली. घाटावर पोचलो तेव्हा आरतीची गर्दी ओसरत होती. पाण्यात सोडण्याआधी तिने खोळीची तुटलेली कड दिव्याच्या उजेडात धरली.

"काका, हे बघा."

कडेत थरांवर थर. गावाचा शेंदूर मळकट, विटकरी. आणि बाहेरच्या बाजूला त्या विटकरीत मधूनमधून बारीक, चकचकीत रेघा. जरीच्या धाग्यासारख्या. एक, मग मळकट, मग पुन्हा एक.

"शहरातला शेंदूर," ती म्हणाली. "हे सर."

दर चैत्राची तुमची एकेक रेघ. ज्या दगडावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, त्याच्या अंगावर. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. तिनेही फिरवलं. तिला एक तुकडा ठेवून घ्यायचा होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मलाही हवा होता. दोघंही एकमेकांकडे बघत होतो, कोण आधी मागतोय ते. पण गावाने अख्खी सोडायला सांगितलं होतं, आणि तुम्ही काय केलं असतंत ते दोघांनाही माहीत होतं.

एकीकडून तिने धरली, एकीकडून मी. पायरीवर वाकलो. खोळ पाण्याला लागली, जड झाली. मुक्ताने हात काढले.

"काका, सोडा."

मी धरून होतो.

"काका, सोडा ना आता."

सोडली. पण तिच्यानंतर, नाना. अग्नी माझा होता, कावळा तिचा झाला, दगड तिने वाचला. शेवटचा हात माझा होता. एवढं माझं राहू द्या.